नाकवाली आणि नकटी

नर्सरीसाठी नवी पिकअप घ्यायचं ठरलं, तेव्हा मला मुंबईहून गावी परत येऊन चार वर्षं झाली होती. त्या चार वर्षांत माझ्या थोरल्या भावाने रोपांना पाणी घालण्यापलीकडे एकही काम स्वतःहून माझ्या हाती दिलं नव्हतं.

आमची नर्सरी पालीच्या पुढे, रस्त्याला लागून आहे. आंब्याची आणि काजूची कलमं, थोडी कोकमाची नि नारळाची रोपं. वडिलांनी सुरू केली, दादाने वाढवली. दादा कातळावर माती आणून टाकत होता तेव्हा मी मुंबईत पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कंपनीत सुपरवायझर होतो. कंपनी बंद पडली आणि मी बायकोला घेऊन घरी आलो. दादाने नको म्हटलं नाही. मागची खोली रिकामी करून दिली, पंखा बसवून दिला. पण पहिल्याच पावसाळ्यात कराडचं एक गिऱ्हाईक आलं. मी गुडघाभर चिखलात उभा राहून त्यांच्या गाडीत कलमं चढवत होतो. त्यांनी विचारलं, "हे कोण?" दादा म्हणाला, "हा आमचा नवा गडी." आणि हसला. गिऱ्हाईकही हसलं. माझी बायको चहाचे कप घेऊन पायरीवर उभी होती. तिने कप तिथेच ठेवले आणि आत गेली.

दादाने ते थट्टेत म्हटलं असेल. नंतर त्याला आठवतही नसेल. मला मात्र ते रोज पाइप ओढताना आठवायचं.

दादाचा जुना टेम्पो मी येण्याच्या आदल्या वर्षी आंबा घाटात चढावरून मागे घसरला होता. कोल्हापूरकडे कलमं भरून चालला होता. चढाच्या वळणावर पुढचा ट्रक थांबला म्हणून दादाने टेम्पो थांबवला. ब्रेक नीट धरेना. शेजारी आमच्याकडे कलमं बांधणारे काका होते. ते नात्याने कोणी नव्हेत, पण आम्ही दोघे लहानपणापासून त्यांना काकाच म्हणायचो. काका चाकामागे दगड लावायला उतरले. दगड लावता लावता टेम्पो घसरला आणि मागचं चाक त्यांच्या उजव्या पावलावरून गेलं. डॉक्टरांनी पाऊल वाचवलं, पण ते कायमचं वाकडं झालं. काकांना उकिडवं बसता येईना. दादाने त्यांच्यासाठी एक उंच स्टूल करून घेतलं. तेव्हापासून काका त्या स्टुलावर बसून कलमं बांधतात आणि कधीही त्याविषयी बोलत नाहीत, एवढंच मला माहीत होतं.

बाकीचं वहिनीने सांगितलं. एका दुपारी ती मागच्या पडवीत नारळ खवत बसली होती. मी सहज म्हटलं, "दादा हल्ली घाटमाथ्याची भाडी दुसऱ्याला का देतो? टेम्पो दुरुस्त झालाय, स्वतः का जात नाही?"

तिने खवणं थांबवलं. म्हणाली, "भावजी, कोणाला सांगू नका हां. ह्यांना घाट चढवत नाय. एकदा गेले होते, साखरप्याच्या पुढनं परत फिरले. पाय लटपटतात म्हणाले. पायाखाली काका दिसतात म्हणाले. लोकांना सांगतात वेळ नाय म्हणून."

"मी कशाला सांगू?" मी म्हणालो. तेव्हा ते मनापासून म्हणालो होतो, असं मला अजून वाटतं.

टेम्पो पुढे फारच खिळखिळा झाला. एका फाल्गुनात त्याचा मागचा स्प्रिंगचा पाटा तुटला आणि दादाने जाहीर केलं की आता पिकअप घेऊया. निवड दोनच गाड्यांत होती. आमच्या भागात त्या दोनच चालतात, आणि ज्याच्याकडे एक असते तो दुसरीला शिव्या घालतो. एकीला पुढे लांब बॉनेट आहे, इंजिन त्यात. दुसरीला बॉनेटच नाही, इंजिन ड्रायव्हरच्या सीटखाली, काच सरळ उभी. गावात पहिलीला नाकवाली म्हणतात आणि दुसरीला नकटी.

दादाला नाकवाली हवी होती. कारण त्याने सांगितलं ते असं, की पुढे नाक असलं की टक्कर झाली तरी माणूस मागे राहतो, आणि इंजिन उघडून बघायला सोपं. खरं कारण मला कळत होतं. त्याचा जुना टेम्पो नकट्या घाटणीचा होता. त्यात बसलं की रस्ता थेट पायाखाली दिसतो.

मला नकटी हवी होती. तिचा मागचा हौदा फूटभर जास्त लांब होता. कलमांच्या पिशव्यांची आणखी एक रांग मावली असती. ती कमी जागेत वळते, आणि आमच्या पाखाडीच्या अरुंद तोंडाशी नाकवाली दोनदा मागेपुढे केल्याशिवाय वळली नसती. हे सगळं मी वहीत लिहिलं. रकाने आखले. हौद्याची लांबी, जमिनीपासूनची उंची, वजन, डिझेल, टायर, पाटे, सर्व्हिस कुठे मिळते, खाऱ्या हवेत कुठल्या गाडीचा पत्रा आधी सडतो. पालीत, हातखंब्यात, लांज्याच्या बाजूला ज्यांच्याकडे या गाड्या होत्या त्यांना मी जाऊन भेटलो. खाली वाकून गंज बघितला. चार वर्षांत पहिल्यांदा माझं डोकं कामाला लागलं होतं आणि मला बरं वाटत होतं.

नाकवालीचा सेल्समन घरी आला तेव्हा मी वही घेऊन अंगणात आलो. त्याला प्रश्न विचारायला लागलो. तो माझ्याकडे बघून उत्तरं देत होता, दादाकडे नाही. दादाने थोडा वेळ ऐकून घेतलं आणि मग म्हणाला, "आमचा धाकटा. कंपनीत खोकी मोजायचा. आता गाड्या मोजतोय."

सेल्समन हसला. त्याला हसावंच लागलं असणार, गिऱ्हाईक दादा होता.

"आणि नकटीचं नाव काढू नको," दादा मला म्हणाला. "नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. वही मिट आणि पाणी सोड, वरच्या वाफ्यातली रोपं माना टाकतायत."

मी वही मिटली. पाणी सोडलं. आणि पाइप धरून उभा असताना माझ्या मनात ते आलं. अचानक, भांडणात, रागाच्या भरात असं काही झालं नाही. वरच्या वाफ्याला पाणी पुरं व्हायला वीसेक मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात मी सगळं नीट जुळवलं.

संध्याकाळी जेवताना मी म्हटलं, "दादा, तू म्हणतोस ते खरं. कागदावर गाडी कळत नाही. दोन्ही गाड्या ट्रायलला मागवू. दोन्हीत सारखी माती भरू आणि चढावर घेऊ. जी चांगली चढेल ती घ्यायची. माझं काही म्हणणं नाही."

दादाला यात वावगं काही दिसलं नाही. वहिनीने मात्र माझ्याकडे पाहिलं. मी आमटी घेतली.

दोन्ही शोरूमवाल्यांनी आधी का-कू केलं, पण दुसऱ्याची गाडी भरून चढणार म्हटल्यावर मागे कोण राहणार? शनिवारी सकाळी दोन्ही गाड्या नर्सरीत येऊन उभ्या राहिल्या. आम्ही गोण्यांत ओली लाल माती भरली, मोजून सारख्या गोण्या दोन्हीकडे टाकल्या. दादा खूश होता. नाकवालीच्या भोवती दोनदा फिरला, टायरला लाथ मारून बघितली.

मग मी काकांच्या स्टुलाशी गेलो. "काका, तुम्ही पण चला," मी म्हणालो. "तुम्हालाही गाड्यांतलं कळतं. दादाच्या गाडीत बसा."

काकांना कोण विचारणार होतं गाड्यांचं? त्यांचा चेहरा उजळला. हातातली कलमपट्टी त्यांनी स्टुलावर ठेवली, खांद्यावरचा टॉवेल झटकला आणि वाकड्या पावलावर जेवढं भरभर चालता येईल तेवढं चालत नाकवालीकडे गेले. दादाने त्यांना दार उघडून दिलं, दंडाला धरून चढवलं. काका मध्ये, त्यांच्या पलीकडे नाकवालीचा सेल्समन. नकटी मी चालवत होतो, माझ्या शेजारी तिचा सेल्समन. हा देवरूखचा होता, बोलका.

पाली सुटली, नाणीज गेलं. दादा पुढे होता. गाडी छान चालवत होता, हे कबूल केलं पाहिजे. साखरप्याला आम्ही चहाला थांबलो. दादा उतरला, कंबरेवर हात ठेवून गाडीकडे बघत म्हणाला, "झकास आहे. आता मागे फिरू. कळलं काय कळायचं ते."

"एवढ्यात?" मी म्हणालो. "घाट तर पुढे आहे."

"आता आलो तो चढ काय कमी होता?"

"आपली कलमं घाटावर जातात, दादा. घाट चढल्याशिवाय गाडी कशी कळणार?"

"मला परत जाऊन कामं आहेत."

देवरूखचा सेल्समन म्हणाला, "अर्ध्या तासाचं तर काम आहे."

दादाने बशीत चहा ओतला. मी थांबलो. त्याने बशी तोंडाला लावली तेव्हा मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "का? भीती वाटते?"

देवरूखवाला हसला. "दादा कुठले घाबरतायत! एवढी वर्षं गाडी मारतायत."

काका बाकावर बसून चहा पीत होते. त्यांनी मान वर केली नाही. दादाने बशी खाली ठेवली. त्याने माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि मला माहीत आहे हे त्याला कळलं. कोणी सांगितलं हेही कळलं. मी नजर काढून घेतली नाही.

"चल," तो म्हणाला.

घाटाच्या पायथ्यापासूनच त्याची गाडी हळू झाली. पहिली दोन वळणं त्याने घेतली. मी मागे पंधरा-वीस फुटांवर होतो. तिसऱ्या की चौथ्या वळणावर वरून एक लांबलचक ट्रेलर उतरत होता, त्याला वळायला जागा हवी म्हणून पुढच्या गाड्या थांबल्या. दादा थांबला. मी थांबलो. ट्रेलर गेला. पुढच्या गाड्या गेल्या. दादाच्या गाडीचे मागचे लाल दिवे पेटलेलेच राहिले.

मला तेव्हाच कळलं होतं काय झालंय ते. माझ्या मागे एक एस.टी. होती, तिच्या मागे आणखी गाड्या. एस.टी.ने हॉर्न दिला. मग मीही दिला. एकदा नाही. माझा तळहात हॉर्नवर होता आणि तो मी उचलला नाही. देवरूखवाला म्हणाला, "साहेब, काहीतरी प्रॉब्लेम झालेला दिसतो." मी म्हणालो, "काही नाही, शिकतायत."

पुढच्या गाडीचं डावीकडचं दार उघडलं. आधी सेल्समन उतरला, मग त्याने काकांना उतरवलं. सेल्समन पुढे जाऊन हातवारे करून गाड्यांना थांबवू लागला. काका कडेला गेले. तिथे उतरणीला दगड पडलेले होते. काकांनी एक दगड बघितला, टाकला, दुसरा उचलला. तो मोठा होता. तो पोटाशी धरून, पाऊल ओढत ते दादाच्या गाडीच्या मागच्या चाकापाशी आले आणि दगड लावायला वाकले. उकिडवं बसता येत नव्हतं म्हणून त्यांनी चांगला पाय दुमडला, वाकडा पाय बाजूला लांब टाकला आणि जवळजवळ रस्त्यावर आडवे झाले.

ते माझ्या काचेसमोर होते. नकटीच्या काचेतून रस्ता थेट पायाखाली दिसतो. दगड लावताना त्यांनी एकदा मान वर करून माझ्याकडे बघितलं.

त्या वेळी माझा चेहरा कसा होता ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

नाकवालीचा सेल्समन धावत माझ्याकडे आला. घामाने भिजला होता. "साहेब, तुमचे दादा ब्रेकवरचा पाय उचलत नाहीत. बोलत पण नाहीत. हँडब्रेक मी ओढलाय, पण ते सोडतच नाहीत. तुम्ही या."

मी उतरलो. घाई केली नाही. हळू चालत गेलो, एस.टी.तली माणसं खिडक्यांतून डोकी काढून बघत होती. दादाच्या बाजूचं दार उघडलं. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. दोन्ही हात स्टीयरिंगवर, बोटं पांढरी. उजवा पाय ब्रेकवर असा दाबला होता की अख्खी मांडी थरथरत होती.

"उतर," मी मोठ्याने म्हणालो. "मी घेतो. लोकं खोळंबलीत."

तो अगदी हळू काहीतरी बोलला. मला वाकावं लागलं.

"आधी त्यांना बाजूला घे," दादा म्हणाला. "काका मागे आहेत. त्यांना चाकामागून बाजूला घे, मग उचलतो पाय."

हे फक्त मी ऐकलं. दुसरं कोणी तिथे नव्हतं.

मी काकांना हाक मारली. ते उठले, कडेला झाले. "झाले बाजूला," मी म्हणालो. दादाने आरशात बघितलं, खात्री केली, आणि मग पाय उचलला. गाडी जागची हलली नाही, हँडब्रेक आणि दगड दोन्ही होते. तो दाराला धरून उतरला. एस.टी.तून कोणीतरी ओरडलं, "दादा, बैलगाडी घ्या!" आणि सगळ्या खिडक्या हसल्या.

मी नाकवालीत बसलो. नकटी देवरूखवाल्याने घेतली. "बस," मी दादाला म्हणालो. तो बसला नाही. रस्त्याच्या कडेने खाली चालू लागला. काका त्याच्या मागून निघाले.

आम्ही वर आंबा गावापर्यंत गेलो. नाकवालीने चढ फार सहज घेतला, माती भरलेली असूनही. परत उतरताना मी नकटी पुन्हा माझ्याकडे घेतली, आणि खालच्या वळणांवर ते दोघे दिसले. उन्हात चालले होते. दादाने काकांना आपल्या खांद्याचा आधार दिला होता आणि काकांच्या डोक्यावर ओला टॉवेल होता. देवरूखवाला म्हणाला, "घ्यायचं ना त्यांना?" मी गाडी थोडी हळू केली. दादाने मान डोंगराकडे वळवली. मी पुढे निघालो. त्याने हात केला असता तर थांबलो असतो, असं मी स्वतःला सांगितलं. मागे हौद्यात गोण्यांवर बसायला जागा होती. तरी थांबलो नाही.

पालीत आलो तेव्हा बाजाराची वर्दळ होती. दोन्ही सेल्समनना मी चहा पाजला. टपरीवर ओळखीची चार माणसं होती, त्यांनी विचारलं, "काय, कुठली गाडी चांगली?" मग मी सांगितलं. चढ, ट्रेलर, लाल दिवे, हॉर्न, पांढरी बोटं, एस.टी.तला तो बैलगाडीवाला. मी चांगलं सांगतो. मुंबईत डब्याच्या सुट्टीत सगळे माझ्याभोवती बसायचे ते उगाच नाही. लोक हसून हसून वाकले. देवरूखवाल्याने मध्येच हँडब्रेकची आठवण करून दिली, म्हणाला, "ब्रेक पण दाबलेला, हँडब्रेक पण ओढलेला, दगड पण लावलेला, आणि तरी गडी पाय उचलेना!" त्यावर तर टपरीवाल्याने गाळणी खाली ठेवली.

काकांना बाजूला घे, हे दादा म्हणाला होता ते मी सांगितलं नाही. ते सांगितलं असतं तर कोणी हसलं नसतं. बोलता बोलता मी त्या जागी आलो होतो, मला ते आठवत होतं, आणि मी ते गाळून पुढे गेलो.

दादा आणि काका दुपारच्या एस.टी.ने आले. माझ्या बायकोला मी आमच्या खोलीत सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं." मी तेवढ्याचीच वाट बघत होतो. पण मग तिने विचारलं, "काकांना कशाला नेलंत?" मी पंख्याचं बटण दाबलं.

वहिनी दुसऱ्या दिवशी मला विहिरीपाशी भेटली. आजूबाजूला कोणी नाही बघून म्हणाली, "भावजी, ते मी तुम्हाला सांगितलं ते घरातले म्हणून." बस. कळशी उचलून गेली. त्यानंतर ती मला वाढते, गरम वाढते, अजूनही. "भात घालू?" विचारते. त्याशिवाय माझ्याशी तिचं बोलणं नाही.

गाडीचा निर्णय दादाने माझ्यावर टाकला. "तुला हवी ती घे," म्हणाला, कलमांकडे बघत. मी वही काढली. घाटाच्या रकान्यात खरं तर नाकवालीच्या बाजूने खूण करायला हवी होती. मी स्वतः चालवली होती, शंका नव्हती. मी दोन्हींना सारखी खूण केली आणि नकटी घेतली. नकटी चांगली गाडी आहे, वाईट म्हणत नाही. पण उन्हाळ्यात सीट तापते, बसवत नाही, आणि घाटात ती दुसऱ्या गिअरला रडते तेव्हा मला प्रत्येक वेळी कळतं की ही मी का घेतली.

पालीत दादाचं नाव हँडब्रेक पडलं. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण तो खताच्या दुकानात शिरला की टपरीवर कोणीतरी म्हणे, "ओढला रे, ओढला." आधी त्याला कळलं नाही. कळलं त्या दिवसापासून तो पालीला जायचा थांबला. खत मी आणू लागलो. मग गिऱ्हाइकांचे फोन माझ्याकडे यायला लागले, भाव मी सांगू लागलो, दापोलीला शेतकरी मेळाव्याला मी जाऊ लागलो. वर्षभरात नर्सरी माझ्या हातात आली. दादाने कधी अडवलं नाही. जुन्या टेम्पोची किल्लीसुद्धा त्याने खिळ्यावरून काढून माझ्या खोलीच्या कडीला अडकवून ठेवली होती, मी नसताना. गाडी म्हणून तो कशालाच हात लावत नाही, मोटारसायकलसुद्धा वहिनीच्या भावाला देऊन टाकली.

काका त्या पावसाळ्यानंतर काम सोडून गेले. देवरूखच्या बाजूला त्यांच्या मुलीच्या गावी एक नवी नर्सरी निघाली होती. त्यांना न्यायला जावई येणार होता, मी म्हटलं, "मी सोडतो गाडीने." ते नको म्हणाले. त्यांचं बोचकं बांधून ते रस्त्याला उभे होते. मी जवळ गेलो आणि म्हणालो, "काका, दादाशी काही बिनसलं का?"

"दादाशी?" ते म्हणाले. त्यांना हसू आलं. "दादानं माझा पाय नेला तो चुकून. त्याच्या डोळ्यांचं पाणी मी बघितलंय हॉस्पिटलात. तू मला घाटात मुद्दाम नेलंस. मी दगड लावत होतो तेव्हा तू काचेमागं हसत होतास."

"मी हसत नव्हतो, काका."

"होतास रे," ते म्हणाले. रागाने नाही. पाऊस पडून गेला होता असं सांगावं तसं सांगितलं. मग जावयाची रिक्षा आली. मी बोचकं उचलायला हात पुढे केला, तर त्यांनी ते दुसऱ्या हातात घेतलं.

तो चेहरा मी पुष्कळदा आठवून बघितला आहे. मला तो दिसत नाही. पण काकांना खोटं बोलायचं कारण नव्हतं.

गेल्या महिन्यात मी दादाकडे गेलो. तो सावलीत बसून काजूची कलमं बांधत होता. काका गेल्यापासून ते काम तोच करतो, आणि चांगलं करतो. मी त्याच्या शेजारी जमिनीवर बसलो. म्हणालो, "दादा, त्या दिवशी घाटात तू काय म्हणालास ते मी कोणाला सांगितलं नाही. ते मी सांगायला हवं होतं."

त्याने पट्टी गुंडाळायचं थांबवलं नाही. एक कलम पुरं केलं, बाजूला ठेवलं. दुसरं घेतलं.

"आता कोणाला सांगणार?" तो म्हणाला.

"टपरीवर सांगतो. सगळ्यांना."

"नको," दादा म्हणाला. "पुन्हा माझं नाव घेऊन तिथे काही सांगू नको. चांगलं पण सांगू नको."

मी बसून राहिलो. तो रांग पुरी करेपर्यंत बसायचं ठरवलं होतं. त्याने पाच-सहा कलमं बांधली असतील, तेवढ्यात रस्त्यावर गाडी थांबल्याचा आवाज आला. निपाणीचं गिऱ्हाईक होतं, वेळ देऊन ठेवली होती. दादाने त्या बाजूला मान हलवली. मी उठलो, पँटची माती झटकली आणि त्यांना कलमं दाखवायला गेलो.